कनातीबाहेरचे अरण्य

इंग्लंडच्या आग्नेय भागातील ससेक्स आणि केंट या परगण्यांत चेस्टनट आणि हेझल यांची जी जुनी राने आहेत, त्यांतील झाडे मुळासकट न उपटता बुंध्यापाशी कापावयाची, त्या बुंध्यांतून फुटणारे धुमारे दहा-पंधरा वर्षे वाढू द्यावयाचे आणि तोवर रानाचा दुसरा तुकडा तोडीस घ्यावयाचा, अशी वहिवाट शतकानुशतके चालत आलेली आहे. आणि तोडीमुळे जेथे जमिनीवर ऊन पोचते, तेथे चैत्र-वैशाखाच्या सुमारास निळी घंटाफुले सगळी भुई झाकून टाकतात. अशा रानातील मोकळ्या जागी अलीकडे जाड सुती कापडाचे गोल तंबू उभे दिसतात. मध्ये एकच खांब, व्यास बहुधा पाच मीटर, खाली लाकडी तक्तपोशी, तीवर सतरंज्या, खराखुरा पलंग, स्वच्छ चादरी, कोपऱ्यात लाकडे जाळण्याची बिडाची शेगडी आणि तिचे धुराडे कापडाच्या छिद्रातून वर गेलेले. शहरातील कुटुंबे शुक्रवारी सायंकाळी येथे येतात, दोन रात्री राहतात, सरपण फोडतात, पाखरांचे शब्द ऐकतात आणि रविवारी परत जातात. या प्रकारास ग्लॅम्पिंग म्हणतात, आणि तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या सुट्ट्यांतही त्याने आता आपली जागा केलेली आहे.

सामान्य माणसाने हौसेखातर तंबूत राहावे ही कल्पना त्या देशातही फार जुनी नाही. टॉमस हायरम होल्डिंग नावाच्या एका शिंप्याने सायकलीवर वाहून नेता येईल असा हलका तंबू प्रचारात आणला, १९०१ साली सायकलस्वार तंबूकरांची संस्था स्थापन केली आणि १९०८ मध्ये तंबूतील मुक्कामाविषयी एक सविस्तर पुस्तक लिहिले; तेथून ही हौस मध्यमवर्गात रुजली. पण त्याहून विचारणीय गोष्ट अशी की, ज्या रानात हे तंबू उभे राहतात ते रान त्या लोकांनी जवळजवळ गमावले होते. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ब्रिटनचे वनक्षेत्र भूमीच्या अवघ्या पाच टक्क्यांवर आले होते. १९१९ साली सरकारने वनआयोग नेमला, आणि शंभर वर्षांच्या लागवडीनंतर आज ते सुमारे तेरा टक्के, एकट्या इंग्लंडात सुमारे दहा टक्के झालेले आहे. तंबूंवरही निर्बंध आहेत. जमीनमालकाने स्वतंत्र परवानगीवाचून वर्षातून २८ दिवसच आपल्या जागेत तंबू उभारू द्यावेत असा तेथला दीर्घकाळचा नियम होता. २०२३ साली त्यास जोड देऊन विवक्षित अटींवर ६० दिवस आणि ५० तंबू एवढी मुभा देण्यात आली. म्हणजे आधी रान, नंतर मर्यादा, आणि त्यानंतर शेगडी व पलंग, असा तो क्रम आहे.

माझी आक्का लातूरची. तिची लेक इंग्लंडात नांदते, आणि गेल्या उन्हाळ्यात लेकीने आईला अशाच एका रानातल्या तंबूत नेले होते. आक्का परत आल्यावर मी मोठ्या कुतूहलाने विचारपूस केली, तेव्हा तिने शेगडीचे वर्णन केले, पलंगाचे केले, रात्री बाहेर ऐकू येणाऱ्या घुबडाचे केले, आणि शेवटी म्हणाली, "अरे, आपल्या येळवशीसारखंच की ते सगळं. फक्त तिथं जेवायला या म्हणायला कुणी नव्हतं." आक्काने हे वाक्य तक्रार म्हणून उच्चारले नव्हते, तिला त्या जागेत जे न्यून वाटले ते तिने सांगितले, एवढेच. परंतु या लेखात मी ज्या ज्या ठिकाणांविषयी लिहिणार आहे, त्या प्रत्येक ठिकाणी मला तिच्या त्या वाक्याचा उपयोग झालेला आहे.

येळवस, अर्थात वेळ अमावास्या, ही मार्गशीर्षातील अमावास्या होय. लातूर आणि धाराशिव या जिल्ह्यांत तिचे जे माहात्म्य आहे ते उर्वरित महाराष्ट्रास फारसे ठाऊक नाही; सीमेपलीकडील बिदर, कलबुर्गी या कन्नड मुलखाशी तिचे नाते अधिक जवळचे आहे. त्या दिवशी लातूर शहर रिकामे होते. बाजारपेठ बंद, शिकवण्यांचे वर्ग बंद, जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी जाहीर करतात, आणि सकाळी नऊ-दहाच्या सुमारास औसा, निलंगा, रेणापूर, मुरुड अशा सर्व वाटांनी माणसांचा लोंढा शेतांकडे लागतो. ज्यास शेत आहे तो आपल्या शेतात जातो. ज्यास नाही त्यास त्या दिवशी चार शेतांची आमंत्रणे असतात. शहरात नोकरीस आलेला परगावचा कारकून, शेजारचा दुकानदार, लेकराच्या शाळेतील बाई, असे कोणीही घरी राहिले तर ती शेतमालकास आपली नामुष्की वाटते.

शेतात कडब्याच्या पेंढ्या तिरप्या उभ्या करून, त्यांची टोके वर एकत्र बांधून, पुढून तोंड ठेवून एक कोप केलेली असते. ती बांधण्यास तासाभराहून अधिक वेळ लागत नाही, पण त्या तासाभरात पेंढी कोणत्या अंगाने लावावयाची, वाऱ्याची दिशा कोणती, तोंड कोणीकडे ठेवावयाचे याविषयी घरातील वृद्ध माणूस आणि कर्ता मुलगा यांच्यात जो विचारविनिमय होतो, तो ऐकण्यासारखा असतो. कोपीच्या आत पाच दगड मांडून त्यांस चुन्याचा हात देतात, हे पांडव. त्यांच्यावर शाल किंवा नवे वस्त्र घालतात, लक्ष्मीची पूजा करतात, आणि मग आंबिलीचे बिंदगे उघडले जाते. ताकात शिजवलेल्या ज्वारीच्या पिठाची ही आंबील आदल्या दिवसापासून मुरत ठेवलेली असते. मातीच्या बिंदग्यातून ती द्रोणात ओतली की लसूण, आले, जिरे यांचा आंबूस दरवळ सुटतो, आणि बाहेर पिकावरून येणारा पौषाच्या उंबरठ्यावरचा थंड वारा अंगाला लागत असतानाही ती थंडगार आंबील दोन-दोन, तीन-तीन द्रोण पिण्यावाचून राहवत नाही. सोबतीस भज्जी असते. तूर, पावटा, वाटाणा, हरभरा अशा ओल्या शेंगांचे दाणे आणि रानातील पालेभाज्या यांची बेसन लावून केलेली ही भाजी मोठ्या पातेल्यात रटरटते, आणि तिच्याबरोबर बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, तिळाची पोळी. पाहुण्याने थोडे वाढून घेतले तर आग्रह होतो, नको म्हटले तर रुसवा होतो. उन्हे उतरली की घरातील पुरुष आंबील घेऊन शेताच्या चारी बाजूंनी शिंपडत जातात, आणि अंधार पडल्यावर कडब्याचा हेंडगा पेटवून पोरे बांधाबांधाने धावतात.

या सणात शहरातील मनुष्य रानात जातो, कामचलाऊ छपराखाली बसतो, उत्तम भोजन करतो, झाडाखाली पडून राहतो आणि रात्री शेकोटी पाहून परततो. ग्लॅम्पिंगच्या व्याख्येत जे जे येते ते ते सर्व यात आहे. मात्र येथे यजमान आणि पाहुणा यांच्यामध्ये पैशाचा व्यवहार नाही, आणि पाहुण्यास आपण कोणाच्या जमिनीवर बसलो आहोत, पीक कशाचे आहे, या वर्षी पाऊस किती झाला हे सर्व कळल्यावाचून राहत नाही. राज्य शासनाने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण जाहीर करून किमान एक एकर जमीन असलेल्या शेतकऱ्यास पाहुणे ठेवण्याची अधिकृत वाट खुली केली, ती गोष्ट स्वागतार्ह आहे. परंतु लातूरच्या शेतकऱ्याला पाहुणचाराचे शिक्षण द्यावे लागेल असे जर कोणास वाटत असेल, तर त्याने एकदा येळवशीस येथे यावे.

या अमावास्येच्या आदल्या दिवशी, म्हणजे मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीस, नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात माळेगावच्या खंडोबाची यात्रा भरते. येथील कापडी नगरीचा प्रकार निराळा आहे. उघड्या माळावर, जेथे आठवड्यापूर्वी बोरी-बाभळींवाचून काही नव्हते, तेथे घोड्यांचा बाजार, गाढवांचा बाजार, उंट, कुत्री, आणि ज्यांच्या नावानेच हा मुलूख ओळखला जातो ती लाल कंधारी व देवणी जनावरे, यांच्या रांगांमागून रांगा लागतात, आणि त्यांच्यालगत जनावरांच्या धन्यांची पाले उभी राहतात. पाल ठोकणे हे कसब आहे. दोन दुबेळकी मेढी, त्यांवर एक आडवा वासा, वाशावरून टाकलेली ताडपत्री किंवा गोधड्यांचे शिवलेले कापड, चार बाजूंस मेखा आणि सुतळीचे ताण. एक बाई आणि तिचे दहा-बारा वर्षांचे पोर हे सर्व इतक्या थोड्या वेळात करतात की पाहणाऱ्याने पान लावून तोंडात घालेपर्यंत चुलीतून धूर निघू लागलेला असतो. चूल नेहमी वाऱ्याच्या आड, पाण्याची घागर सावलीच्या अंगाला, आणि जनावर हाताच्या अंतरावर. भटक्या-विमुक्तांच्या अनेक जमाती पिढ्यान्‌पिढ्या या माळावर एकत्र येत आल्या, सोयरिकी जुळवीत आल्या, जातपंचायतींतून आपले तंटे तोडीत आल्या. त्यांच्या दृष्टीने हा माळ देवस्थान, बाजार आणि कचेरी असे तिन्ही होता. पलीकडे तमाशाच्या फडांच्या कनाती. त्यांच्या मागील बाजूच्या राहुट्यांत रात्रभर नाचलेल्या कलावंत स्त्रिया दिवसा झोप घेतात. त्या राहुटीत सतरंजी आहे, आरसा आहे, पेटी आहे, पण ज्याला आपण हौसेचे वास्तव्य म्हणतो ते तेथे नाही. ते त्यांचे घर आहे, आणि पुढच्या यात्रेपर्यंत दुसरे नाही.

तंबूतील ऐश्वर्याचा खरा इतिहास मात्र दरबारांचा आहे, आणि त्यातील काही पाने याच भूमीवर लिहिली गेली. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त बादशाही फर्राशखान्याचे जे वर्णन केले आहे त्यात दहा हजार माणसे मावतील अशी बारगाह आहे, आणि ती उभी करण्यास एक हजार फर्राशांना यंत्रांच्या साहाय्याने आठवडा लागे असे म्हटले आहे. छावणीच्या एका संचास शंभर हत्ती, पाचशे उंट आणि चारशे गाड्या लागत. असे दोन संच असत. बादशहा एका मुक्कामी असता दुसरा संच पेशखाना म्हणून पुढच्या मुक्कामी रवाना होई, म्हणजे स्वारी पोचताच सर्व सिद्ध. या थाटाची फिरती राजधानी दक्षिणेने औरंगजेबाच्या काळी दीर्घकाळ अनुभवली. १७०८ साली बहादूरशहाची छावणी दक्षिणेच्या मोहिमेत गोदातीरी नांदेडजवळ आली. गुरू गोविंदसिंगही त्या वाटचालीत होते, आणि पुढे ते नांदेडासच राहिले. गोदावरीच्या काठी, आपल्या मुक्कामाच्या तळावरच त्यांच्यावर प्राणघातक हल्ला झाला आणि ऑक्टोबरात त्यांनी देह ठेवला. ज्या जागी तो तळ होता तेथे आज सचखंड श्री हुजूर साहिब उभे आहे, आणि २००८ साली गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीस आलेल्या यात्रेकरूंसाठी नांदेडने पुन्हा एकवार कापडाची वसाहत उभी केली. त्या वसाहतीत लंगर होता. कोणी कोणास दाम विचारीत नव्हते.

मराठ्यांनीही हा थाट उचलला. १७६० च्या फेब्रुवारीत उदगीरच्या रणांगणावर सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला, आणि पुढच्याच महिन्यात परतूरहून, म्हणजे मराठवाड्यातूनच, उत्तरेची ती मोहीम निघाली जिचा शेवट पानिपतावर झाला. ग्रँट डफने या सैन्याच्या तळाविषयी लिहिताना रेशमी आणि बनाती अस्तरांचे उंच, प्रशस्त तंबू आणि त्यांवरील सोनेरी कळस यांचा निर्देश केला आहे, आणि पूर्वीच्या हलक्या, काटक मराठी फौजेशी त्याचा विरोध दाखविला आहे. ते रेशमी डेरे पाहून त्या काळी डोळे दिपले असतील, यात संशय नाही. परंतु त्यांचे ओझे ज्या बैलांनी आणि ज्या माणसांनी वाहिले त्यांची नोंद कोणत्या दफ्तरात आहे?

हा प्रश्न मी अलंकार म्हणून विचारीत नाही. निजामी अमलात तालुकदार, तहसीलदार, जंगलात महकम्याचे अंमलदार, शिकारीस निघालेले अमीर-उमराव यांचा दौरा निघाला की तंबू-कनाती वाहावयास, पाणी भरावयास, सरपण फोडावयास, घोड्यांस चारा आणावयास गावोगावच्या दुर्बळ लोकांना वेठीस धरीत. कोंबडी, दूध, अंडी ही रसद फुकट अथवा नाममात्र किमतीत उचलली जाई. वृद्ध माणसांच्या तोंडी अजून ती आठवण आहे. साहेबाचा मुक्काम पडणार ही वार्ता गावास आनंदाची नसे. अरण्यात सुखासीन राहण्याची जी पद्धत आपल्याकडे होती ती अशी दुसऱ्याच्या पाठीवर उभी होती, आणि नव्या पद्धतीचे तंबू उभारताना हे विसरले जाऊ नये असे मला मनापासून वाटते.

त्याचप्रमाणे, लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांत असंख्य माणसांस तंबू हा शब्द ऐकून सुट्टी आठवत नाही, हेही ध्यानी घेतले पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारला काही मिनिटे असताना, किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक नुकतेच झोपले होते. दगडमातीच्या रुंद भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद अशी ती घरे होती. हजारो माणसे त्यांखाली गेली. वाचले ते आधी उघड्यावर, मग तंबूंत, मग पत्र्याच्या शेडमध्ये राहिले, आणि कित्येकांनी पुढे पक्के घर मिळाल्यावरही रात्री अंगणातच अंथरूण टाकले. आणि दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर मुखेड, कंधार, जळकोट, अहमदपूर या भागांतून उचल घेतलेली जोडपी मुकादमाच्या मागोमाग पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीस जातात, तेव्हा फडाच्या कडेला बांबूच्या चटया आणि पाचट यांची कोपी उभारून चार-पाच महिने काढतात. तिच्यात उभे राहता येत नाही. पहाटे तीनला ती माणसे कोयता घेऊन बाहेर पडतात आणि लेकरू कोपीत झोपलेले असते.

लातूर जिल्ह्याचे क्षेत्रफळ सात हजार चौरस किलोमीटरांहून अधिक. त्यात वन एक टक्कादेखील नाही. महाराष्ट्रात वनाचे इतके दारिद्र्य क्वचितच दुसरीकडे असेल. जे काही आहे ते बेटांवर, म्हणजे माळरानातून एकाएकी वर आलेल्या टेकड्यांवर. उदगीर तालुक्यात देवर्जनजवळ हत्तीबेट आहे. मुक्तिसंग्रामात रझाकारांशी झुंजणाऱ्यांनी त्याच्या आश्रयाने लढा दिला. चाकूर तालुक्यात वडवळ नागनाथचे संजीवनी बेट आहे, आणि त्याविषयी थोडे अधिक सांगावयास हवे. या बेटावर औषधी वनस्पतींची समृद्धी आहे. भाद्रपदाच्या सुमारास उत्तरा नक्षत्र लागले की दूरदूरचे लोक येथे येतात, जाणत्यांच्या सल्ल्याने ओला पाला चावून खातात, बेटावर हिंडतात, आणि बरे वाटेल या श्रद्धेने परततात. वैद्यकाच्या कसोटीवर त्यातील किती टिकेल हे वैद्यांनी पाहावे; परंतु वनहीन जिल्ह्यातील माणूस एवढ्याशा हिरव्या टेकडीकडे आरोग्यासाठी धाव घेतो, यातून त्याची वनाची भूक स्पष्ट दिसते. अशा बेटावर उद्या कोणी पन्नास तंबू ठोकले तर पहिल्या वर्षीच तेथील पाला संपेल. लातूरला आधी झाडे हवीत. ब्रिटनला शंभर वर्षे लागली. आपल्याला पाऊस कमी असल्याने कदाचित अधिक लागतील, पण त्यावाचून दुसरा उपाय मला दिसत नाही. शिवाय पाणी. ज्या शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, जेथे पहिल्या गाडीतील पाच लाख लिटर पाण्याचे आगमन हा साऱ्या देशाच्या वृत्तपत्रांचा विषय झाला, त्या मुलखात पाहुण्याच्या अंघोळीचे पाणी कोठून येणार हा प्रश्न तंबूच्या रंगाआधी विचारावा लागतो.

नांदेडची गोष्ट निराळी आहे. मुदखेड सोडून आदिलाबादच्या लोहमार्गाने गाडी भोकर, हिमायतनगर करीत उत्तर-पूर्वेस निघाली की सपाट काळी शेते हळूहळू मागे पडतात, सागाची झाडे प्रथम एकेकटी आणि मग समूहाने दिसू लागतात, आणि सहस्रकुंडाच्या पुढे आपण खऱ्या अर्थाने वनात शिरतो. किनवटचा हा प्रदेश १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे, आणि तेथील गोंड, कोलाम, आंध, परधान यांच्या वस्त्या, तसेच बंजाऱ्यांचे तांडे, आजही सीमेच्या दोन्ही अंगांस सारखेच पसरलेले आहेत. उत्तरेस पैनगंगा, सहस्रकुंडापाशी ती काळ्या खडकाच्या कड्यावरून अनेक धारांनी कोसळते, आणि श्रावणात तिचा घोष दुरून ऐकू येतो. नदीपलीकडे विदर्भ आणि पैनगंगा अभयारण्य. जवळच उनकेश्वरचे उष्ण, गंधकयुक्त पाण्याचे झरे. त्वचेच्या विकारांवर गुण येतो म्हणून तेथे पूर्वापार माणसे मुक्कामास येत आली आहेत. आणि माहूर, जेथे रेणुकेचे ठाणे, दत्तशिखर, अनसूयेचे शिखर आणि डोंगरी किल्ला एकमेकांच्या दृष्टिपथात उभे आहेत, आणि नवरात्रात साऱ्या रानवाटा चालत येणाऱ्यांनी भरून जातात.

या रानातील चैत्र पाहावा. पळस नुकताच ओसरलेला असतो, सागाला पान नसते, पाचोळा पायाखाली कुरकुर वाजतो आणि मोहाची झाडे फुलांवर येतात. मोहाचे फूल पहाटे गळते. त्यामुळे कोलामांच्या गुड्यांतील, म्हणजे वस्त्यांतील, बायका चांदणे असतानाच टोपल्या घेऊन निघतात. आपापल्या झाडाखालची जागा त्यांनी आदल्या दिवशी झाडून ठेवलेली असते, आणि त्या झाडलेल्या वर्तुळावर पिवळसर, रसरशीत, लहान द्राक्षाएवढी फुले टप टप पडत असतात. बाई वाकून एकेक वेचते, पोर फांदीखालचे दूरवरचे आणते, सूर्य वर येईतो टोपली भरते आणि साऱ्या परिसरात तो गोड, किंचित आंबूस, जड वास भरून राहतो. झाड कोणाच्या घराण्याचे हे कागदावर कोठे नसले तरी सर्वांस ठाऊक असते. जागा झाडण्याऐवजी कोणी पाचोळ्यास काडी लावली तर मात्र वणवा लागतो, आणि मग वनरक्षक व गावकरी दोघांचीही रात्र डोंगरावर जाते. मोहामागोमाग तेंदूपत्ता, त्याच सुमारास चारोळी. रानातील वर्षाचे हे वेळापत्रक पाहुण्यांच्या सोयीने बदलणारे नाही.

आणि वाघ. फेब्रुवारी २०१९ मध्ये टिपेश्वर अभयारण्यातील एका तरुण नराच्या गळ्यात संदेशयंत्राचा पट्टा बांधण्यात आला. त्या वर्षीच्या पावसाळ्यारंभी तो निघाला आणि तेलंगणातून, नांदेड, हिंगोली अशा जिल्ह्यांच्या शेताशिवारांतून, ओढ्यांच्या आडोशाने, रात्री चालत डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगेस पोचला. साऱ्या भटकंतीची नोंद तीन हजार किलोमीटरांवर गेली. आपल्या कापसाच्या आणि सोयाबीनच्या शेतांतून वाघ जातो आणि बहुतेकांना पत्ताही लागत नाही, ही गोष्ट मला अत्यंत हर्षाची वाटते. आणि याच कारणास्तव सहस्रकुंड ते माहूर या पट्ट्यात रात्रीचे दिवे, ध्वनिवर्धक आणि वाहनांची वर्दळ यांना मज्जाव असावा असे माझे ठाम मत आहे. वाघास जाण्यासाठी अंधार लागतो.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. १९८० च्या वनसंरक्षण अधिनियमात २०२३ साली दुरुस्ती होऊन, वनखात्याच्या कार्य आयोजनेत समाविष्ट असलेल्या निसर्गपर्यटनाच्या सोयींना वनेतर वापराच्या बंधनातून सूट मिळालेली आहे, म्हणजे सरकारी वनात तंबू येण्याची वाट आता पूर्वीपेक्षा सुकर आहे. दुसऱ्या बाजूस २००६ च्या वनहक्क कायद्याने वनात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचे वैयक्तिक आणि सामूहिक हक्क मान्य केले, आणि किनवट-माहूरची अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात असल्याने १९९६ चा पेसा कायदा तेथे ग्रामसभेस मोठे अधिकार देतो. याच आदिलाबादच्या रानात १९४० साली जोडेघाटास गोंडांचा पुढारी कोमराम भीम मारला गेला, तो जल, जंगल आणि जमीन यांवरील गोंडांच्या हक्कासाठी. आणि त्यानंतरच निजाम सरकारला हायमेनडॉर्फसारख्या मानववंशशास्त्रज्ञास पाचारण करून या लोकांची गाऱ्हाणी ऐकावी लागली. तो कलह ज्या कारणांनी उद्भवला त्यांपैकी एक कारण असे होते की, ज्यांचे रान त्यांनाच ते परके करून टाकण्यात आले.

म्हणून किनवटच्या रानात पाहुण्यांनी यावे या मताचा मी आहे, परंतु त्यांना बोलावणारा कोण असावा हे आधी ठरले पाहिजे. मुंबई-पुण्याच्या भांडवलदाराने दहा एकर घेऊन कुंपण घालावे, आत बिडाची शेगडी आणि पलंग मांडावेत, आणि गुड्यातील तरुणास रखवालदाराची नोकरी द्यावी, हा एक मार्ग आहे, आणि पैशाच्या दृष्टीने तोच बहुधा सर्वांत आधी येईल. दुसरा मार्ग असा की, सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभेने स्वतःच्या वनात, पाणी पुरेल तेवढ्याच, आठ-दहा राहुट्या दसऱ्यापासून होळीपर्यंत उभाराव्यात. मोहाच्या आणि तेंदूच्या हंगामात त्या काढून ठेवाव्यात. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण आणि रानभाजी गावातील घरांनी पाळीपाळीने द्यावी. वाट दाखवणारा गावचाच असावा आणि त्याची मजुरी ठरलेली असावी. वनखात्याने पहारा, आगीची पट्टी आणि मार्गदर्शन एवढे पाहावे. भाडे किती घ्यावयाचे, त्यातील किती रोपवाटिकेस लावावयाचे, कचरा कोणत्या गाडीने किनवटास न्यावयाचा आणि किती पाहुण्यांनंतर नाही म्हणावयाचे, हे ठरविण्याचा अधिकार ग्रामसभेचा. आणि त्या सभेचे इतिवृत्त, गोंडी, कोलामी किंवा बंजारा बोलणाऱ्या सभासदांस त्यांच्या भाषेत वाचून दाखविल्यावाचून, कायम होऊ नये.